चेंडू कुणाच्या वाट्याला?

16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात हात वर झाले आणि क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतलं. आपल्याकडे मथळा तेवढ्याचाच झाला, आणि ते साहजिकच होतं. पण त्याच ठरावात लॅक्रॉसही होतं. या खेळाचं ऑलिम्पिक पदक शेवटचं दिलं गेलं ते 1908 साली, लंडनला.

लॅक्रॉस परतलं, पण जुन्या रूपात नाही. लॉस एंजेलिसला 2028 मध्ये जो प्रकार खेळला जाईल त्याला ‘सिक्सेस’ म्हणतात. एका बाजूला दहाऐवजी सहा खेळाडू. मैदान लहान. आठ-आठ मिनिटांची चार सत्रं. चेंडू ताब्यात आला की 30 सेकंदांत गोलवर मारायचा. हे सगळं ठीकच आहे. पण मला ज्या बदलाचं सर्वात अप्रूप वाटतं तो वेगळाच आहे. गोल झाला की ज्याच्यावर गोल झाला तो गोलरक्षक जाळ्यातला चेंडू उचलतो आणि खेळ तिथूनच पुढे सुरू होतो. मैदानाच्या मध्यावर जायचं नाही, चेंडूसाठी झोंबायचं नाही.

मध्यावरच्या त्या झोंबाझोंबीला ‘फेस-ऑफ’ म्हणतात. ऑलिम्पिकला जाणाऱ्या पंचविशीतल्या खेळाडूंना ती आता सत्राच्या सुरुवातीला फक्त एकदा करावी लागते. आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांना? बहुतेक ठिकाणी प्रत्येक गोलनंतर. ज्यांना ती झेपते त्यांची सुटका झाली आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्या गळ्यात ती राहिली. हे उलटं आहे आणि ते बदललं पाहिजे.

मी राहते त्या मेरीलँडमध्ये हा खेळ घराघरात आहे. 2004 पासून तो राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. बॉल्टिमोरच्या आसपासच्या उपनगरांत आता आपली मराठी घरंही पुष्कळ झाली, आणि त्या घरांच्या गॅरेजमध्ये क्रिकेटच्या बॅटशेजारी लॅक्रॉसची काठी दिसू लागली. काठीच्या टोकाला जाळीची झोळी असते. चेंडू भरीव रबराचा, साधारण 145 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरासा हलका. तो झोळीत घेऊन पळायचं, झोळीनेच फेकायचा, झोळीनेच झेलायचा आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोलमध्ये मारायचा. शिकायला अवघड खेळ आहे. फुटबॉलमध्ये पाच वर्षांचं मूलही पहिल्या दिवशी चेंडूला लाथ मारतं. इथे पडलेला चेंडू झोळीत उचलायलाच काही आठवडे जातात.

म्हणूनच लहान मुलांच्या लॅक्रॉसमध्ये ज्याला चेंडू मिळतो तो शिकतो, आणि ज्याला मिळत नाही तो मागे पडतो. दर हिवाळ्यात लीगच्या बैठकांमध्ये दोन गोष्टींवर वाद होतो: खेळाचा वेग कसा वाढवायचा आणि सामना न्याय्य कसा करायचा. हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडतात, त्यावर वेगवेगळे ठराव आणतात. मला त्यांत एकच प्रश्न दिसतो. एका सामन्यात किती मुलांच्या झोळीत चेंडू आला, हे मोजा. जो नियम तो आकडा वाढवतो तो ठेवा. जो कमी करतो तो काढा.

आता फेस-ऑफ जवळून बघू. एप्रिलमधला शनिवार, काउंटीच्या पार्कमधलं मैदान, दहा वर्षांखालची मुलं. मोठ्या मैदानाची रुंदी हीच यांची लांबी, आणि सात विरुद्ध सात. दोन मुलं मध्यरेषेवर समोरासमोर ओणवी होतात. काठ्या गवताला टेकवलेल्या, मधे चेंडू. पंच ‘डाऊन’ म्हणतो, ‘सेट’ म्हणतो आणि शिट्टी वाजवतो. एका मुलाचं मनगट शिट्टीबरोबर फिरतं, झोळी चेंडूवर पालथी पडते, चेंडू मागे ओढला जातो. दुसरा मुलगा अजून शिट्टीचाच विचार करत असतो. पहिला चेंडू उचलतो, सरळ धावत सुटतो, वाटेतल्या दोघांना हुलकावणी देतो आणि गोल. टाळ्या. पंच जाळ्यातला चेंडू काढून पुन्हा मध्याकडे चालत येतो. मुलं आपापल्या जागी परततात. कुणाचं हेल्मेट सरकलेलं, कुणी चुकीच्या बाजूला उभा, कोच ओरडून सांगतोय. तेवढा वेळ खेळ बंद. मग पुन्हा ओणवं, पुन्हा शिट्टी, आणि पुन्हा तेच मनगट.

हरणाऱ्या संघात बचावाला नाशिककडच्या एका घरातला मुलगा उभा होता. नऊ वर्षांचा. पहिला अर्धा तास त्याने हातमोजे तीनतीनदा घट्ट केले, तोंडातला माउथगार्ड काढला, बघितला, परत घातला. चेंडू त्याच्याकडे आला तो एकदाच, गवतावरून घरंगळत. तो वाकला, काठी चेंडूच्या मागे टेकवली, ढकलली, आणि चेंडू झोळीच्या काठाला लागून उडाला. कोच म्हणाला, “गुड ट्राय!” पोराने मान हलवली. दुसरी संधी आलीच नाही. नाशिकहून आलेली त्याची आजी कडेला खुर्चीवर बसली होती. तिने सुनेला विचारलं, “अगं, याच्याकडे चेंडू येतच नाही का?” सून म्हणाली, “आई, त्यांनी चेंडू जिंकला पाहिजे ना आधी. दर वेळी तो तिकडचाच मुलगा जिंकतो.”

त्या ‘तिकडच्या मुला’चा काहीच दोष नाही. त्याने मेहनत घेतलीय. कदाचित फेस-ऑफच्या खास शिबिराला जाऊन आलाय. अशी शिबिरं निघतात, आणि ती स्वस्त नसतात. त्याचा कोचही भला माणूस होता. पाचव्या की सहाव्या गोलनंतर त्याने त्या मुलाला बाजूला घेतलं आणि दुसऱ्याला मध्यावर पाठवलं. पण दहा वर्षांच्या मुलांचा सामना नीट व्हायला कोच भला असावा लागतो, यातच नियमाचं अपयश आहे. पुढच्या शनिवारी वेगळा कोच असेल.

हा दोष नवा नाही. बास्केटबॉलमध्येही एके काळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मधोमध वर फेकत आणि दोन खेळाडू उडी मारत. ज्याच्याकडे उंच खेळाडू त्याच्याकडे चेंडू, पुन्हा बास्केट, पुन्हा चेंडू. 1937 मध्ये ती पद्धत काढून टाकली. त्या काळी त्याला विरोध करणारे होतेच. आज कुणाला ती पद्धत परत हवी आहे? बास्केट खाल्लेला संघ रेषेबाहेरून चेंडू आत टाकतो, हे आता इतकं स्वाभाविक वाटतं की ते कधी बदललं होतं हेच लोक विसरले.

लॅक्रॉसच्या कारभाऱ्यांना फेस-ऑफचं दुखणं कळत नाही असंही नाही. अमेरिकन कॉलेजांच्या पुरुषांच्या खेळात त्यावर वर्षानुवर्षं मलमपट्टी चालू आहे. 2021 पासून ‘मोटरसायकल ग्रिप’ बंद झाली. दोन्ही तळवे खाली करून, मोटरसायकलचं हँडल धरल्यासारखी काठी धरायची आणि चेंडूवर दाबून बसायचं, ही ती पकड. गुडघा टेकवायलाही मनाई झाली. कारण काय? चेंडू दोन काठ्यांखाली अडकून पडायचा आणि मैदानावरचे बाकीचे सगळे बघत उभे राहायचे. मोठ्यांच्या खेळात तर फक्त फेस-ऑफ घ्यायला येणारा आणि लगेच बाहेर जाणारा खेळाडूच वेगळा असतो. त्याला ‘फोगो’ म्हणतात. कॉलेजात ही खासियत शोभते. दहा वर्षांच्या मुलाला एका कामाचा कारागीर करून टाकणं मला पटत नाही, त्याच्यासाठीही नाही. तो फेस-ऑफ जिंकायला शिकतो, आणि पुढची दोन वर्षं पास द्यायला शिकत नाही.

मुलींच्या खेळात फेस-ऑफऐवजी ‘ड्रॉ’ असतो. दोन काठ्यांच्या पाठींमध्ये चेंडू दाबून धरतात आणि शिट्टीबरोबर वर उडवतात. दुखणं तेच, औषधही तेच.

लहान मुलांसाठी काहीच केलेलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. अनेक लीगमध्ये ‘चार गोलांचा नियम’ आहे. एक संघ चार गोलांनी पुढे गेला की फेस-ऑफ थांबतो आणि मागे पडलेल्या संघाला मध्यरेषेवर चेंडू मिळतो. मागे पडलेल्या संघाच्या कोचला वाटलं तर तो हा हक्क सोडूही शकतो. नियम सद्हेतूने केलेला आहे. पण तो येतो कधी? चार गोल पडल्यावर. तोवर मुलांच्या माना खाली गेलेल्या असतात. आणि तेव्हा मिळालेला चेंडू मुलांना भीक वाटते. समोरची मुलं ते बोलूनही दाखवतात: “तुम्हाला फुकट मिळाला.” कोचचा अभिमान आडवा आला तर तो म्हणतो, आम्हाला नको, आम्ही फेस-ऑफच घेऊ. अभिमान कोचचा, आणि उभं राहायचं मुलांनी. हाच चेंडू पहिल्या गोलपासून, दोन्ही संघांना, नियम म्हणून मिळू दे. मग त्यात ना दया राहते ना अपमान. तो फक्त खेळाचा भाग होतो.

याच्याही पुढची एक गोष्ट मला जास्त खुपते. फरक फार वाढला की घड्याळ न थांबवता चालू ठेवायचं. शाळांच्या मुलांच्या सामन्यात उत्तरार्धात 12 गोलांचा फरक पडला की असंच करतात. लहानांच्या कित्येक लीगनीही आपापल्या आकड्यावर हा प्रकार उचलला आहे. ‘लवकर संपू दे, बिचाऱ्यांची सुटका होऊ दे.’ सुटका कुणाची? कडेला बसून अवघडलेल्या मोठ्यांची. ज्या मुलांना सर्वात जास्त सराव हवा त्यांचीच मिनिटं आपण कापतो. फी त्यांनीही तेवढीच भरलेली असते, पहाटे उठून तेही आलेले असतात. फलक असला तर बंद करा. गोल मोजू नका. बळकट संघातली दोन मुलं तिकडे द्या आणि तिकडची दोन इकडे घ्या. पण खेळाची मिनिटं कापू नका. दहा वर्षांचं मूल हरल्याचं दुःख गाडीत बसेपर्यंत विसरतं. खेळायलाच मिळालं नाही, हे ते विसरत नाही.

मग पासचा नियम. गोलवर मारण्याआधी एक किंवा दोन पास झालेच पाहिजेत, असा नियम काही लीगमध्ये असतो. ऐकायला छान वाटतो. मैदानावर काय होतं? समोरचा संघही मूर्ख नसतो. पास होईपर्यंत गोल होऊ शकत नाही हे त्यालाही ठाऊक असतं, म्हणून धावत येणाऱ्या मुलाला कुणी अडवत नाही. सगळे पासची वाट बघतात. मग तो बळकट मुलगा शेजारच्याला दोन हातांवरून चेंडू टाकतो, परत मागून घेतो आणि गोल करतो. पंचाने पास मोजायचे, पालकांनी वरून मोजायचे, आकडा चुकला की आरडाओरडा. नियम पाळला जातो आणि पास कुणी शिकत नाही. मुलं पास कधी देतात? समोर मोकळा सोबती दिसतो आणि स्वतःपुढे वाट बंद असते तेव्हा. ती परिस्थिती मैदान लहान करून आणि खेळाडू कमी करून आपोआप तयार होते. अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना यूएसए लॅक्रॉस आठ वर्षांखालच्या मुलांना चार-चार आणि दहा वर्षांखालच्यांना सात-सात असं खेळवायला सांगते ते याचसाठी. दहा-दहा मुलं 110 यार्डांच्या मैदानावर सोडली की निम्मी मुलं फक्त उभी राहतात. जिथे अजून असं चालतं तिथे आधी ते थांबवावं. या मुद्द्यावर दुसरी बाजू आहे असं मला वाटत नाही.

आता वेगवाल्यांचा लाडका उपाय: घड्याळ. कॉलेजच्या पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये 2019 पासून 80 सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. चेंडू घेऊन वेळ काढणारे संघ सुतासारखे सरळ झाले. बास्केटबॉलची गोष्ट तर प्रसिद्ध आहे. 1950 च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं, कारण पिस्टन्स चेंडू धरूनच बसले. 1954 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ आलं आणि तो खेळ वाचला. कबड्डी बघणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. 30 सेकंदांची चढाई आणि दोन चढाया कोऱ्या गेल्यावर तिसरीत ‘करो या मरो’, यानेच तर कबड्डीचा सामना खिळवून ठेवणारा झाला.

तेव्हा मुलांनाही घड्याळ लावा, असं म्हणणारे आहेत. त्यांना मी विचारते, दहा वर्षांची मुलं वेळ काढतात असं तुम्ही कधी पाहिलंय? आघाडी राखायला चेंडू धरून बसणं ही मोठ्यांची लबाडी आहे; मुलांना ती सुचतही नाही. मुलं संथ दिसतात कारण त्यांच्या झोळीतून चेंडू पडतो. त्यांच्यावर 30 सेकंद लादले तर काय होईल? ज्याच्या हातून चेंडू पडत नाही अशा एकट्याकडे तो जाईल. बाकीचे म्हणतील, त्याला द्या, वेळ संपतोय. जी गोष्ट मोठ्यांच्या खेळात न्याय करते तीच लहानांच्या खेळात चेंडू सर्वात बळकट मुलाच्या हवाली करते. कडेने बघणाऱ्याला वेग वाढल्यासारखा वाटेल, आणि खेळणारी मुलं कमी होतील.

शिवाय ते घड्याळ बघणार कोण? शनिवारी एकाच मैदानावर शेजारी-शेजारी तीन सामने चालू असतात. टेबल नसतं, फलक नसतो. गोलरक्षकाचे चार सेकंद, चेंडू अर्ध्याच्या पुढे नेण्याचे 20 सेकंद आणि पुढे गोलच्या चौकटीजवळ पोचण्याचे 10, हे मोठ्या गटांत पंच हात हलवून मनातल्या मनात मोजतो. लहानांच्या सामन्यांना पंच म्हणून पुष्कळदा हायस्कूलमधली मुलंमुलीच असतात. सोळा वर्षांची मुलगी, गळ्यात शिट्टी, आणि तिच्यावर ओरडणारे चाळिशीतले बाप. ती पुढच्या मोसमात परत येत नाही, आणि मग पंच मिळत नाहीत म्हणून सगळे हळहळतात. आणखी एक मोजणी तिच्या डोक्यावर ठेवण्याआधी त्या बापांना रेषेपासून वीस पावलं मागे सरकवा. तो नियम मला आजच हवा आहे.

न्यायाचा सर्वात अवघड प्रश्न मात्र मैदानाच्या बाहेर आहे: वय. गावातल्या लीगमध्ये गट बहुधा वयावर ठरतात. पण मोठ्या क्लबांच्या स्पर्धांमध्ये गट ठरतो तो मुलगा हायस्कूल कोणत्या वर्षी संपवणार यावर. म्हणजे इयत्तेवर. मग काही घरं काय करतात? मुलाला एक इयत्ता पुन्हा बसवतात. नापास झाला म्हणून नव्हे. अभ्यासात तो उत्तम असतो. त्याला आठवीत दुसऱ्यांदा बसवतात, खाजगी शाळेची एका वर्षाची फी जास्तीची भरून, म्हणजे तो आपल्या गटात वर्षाने मोठा ठरेल. याला ‘रीक्लास’ करणं म्हणतात आणि ते उघडपणे, राजरोस चालतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी बारा महिन्यांचा फरक म्हणजे काय, हे ज्याच्या घरात त्या वयाचा मुलगा आहे त्याला विचारा. आवाज फुटलेला, मिसरूड आलेला एक, आणि त्याच्या खांद्याला लागणारा दुसरा. आणि मुलांच्या लॅक्रॉसमध्ये या वयात अंगाला धक्का देणं सुरू होतं.

महाराष्ट्रात किशोर गटाच्या कबड्डीत जन्मदाखला बघतात आणि वजनकाट्यावरही उभं करतात. काट्यापायी पोरं उपाशी राहतात असं तिकडचे प्रशिक्षक सांगतात, म्हणून वजनाची अट इकडे आणा असं मी म्हणणार नाही. पण जन्मतारखेला काय हरकत आहे? ती प्रत्येकाकडे असते, बदलत नाही आणि विकत घेता येत नाही. यूएसए लॅक्रॉसने वयानुसार गट करा असं सांगून ठेवलेलं आहे. क्लबवाले ऐकत नाहीत, कारण कॉलेजचे निवडकर्ते इयत्तेप्रमाणे खेळाडू शोधतात आणि क्लबचा धंदा त्या निवडकर्त्यांवर चालतो.

इथे निराश व्हायचं कारण नाही, कारण या साखळीची एक कडी नियमाने तुटलेली आपण पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आठवी-नववीतली मुलं कॉलेजांना तोंडी शब्द देऊन मोकळी होत. आवाज न फुटलेल्या मुलाची कॉलेजातली जागा ठरलेली! एप्रिल 2017 मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांवर बंधन घातलं: अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी खेळाडूशी निवडीची बोलणी नाहीत. तेव्हाही ‘हे अंमलात येणं अशक्य’ असं म्हणणारे होते. अंमलात आलं. मोठ्या संस्थांनी ठरवलं तर बदल होतो. क्लब स्पर्धांना मान्यता देताना जन्मतारखेची अट घालणं त्याहून सोपं आहे.

आता फेस-ऑफच्या बाजूचं म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण ते सांगणारी माणसं खेळावर मनापासून प्रेम करणारी आहेत. ती म्हणतात, फेस-ऑफ हा या खेळाचा आत्मा आहे. दहा गोलांनी मागे असलेला संघही सलग फेस-ऑफ जिंकून परत येऊ शकतो, ती आशा काढून घेऊ नका. आणि धडपडणारी, बुटकी, चपळ मुलं फेस-ऑफमध्येच नाव काढतात.

शेवटचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच सत्राच्या सुरुवातीचा फेस-ऑफ राहू दे, आणि दर सत्राला वेगळ्या मुलाला तिथे जाऊ दे. आशेचं म्हणाल, तर ती हिशेबात टिकत नाही. दहा गोलांनी मागे पडलेला संघ बहुधा फेस-ऑफ हरूनच मागे पडलेला असतो.

आणि आत्मा? हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी आणि इतर मूलनिवासी लोकांचा. त्यांच्याकडे तो निर्मात्याला अर्पण केलेला खेळ आहे, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही खेळला जातो. मॉन्ट्रियलचा दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स याने 1867 मध्ये त्याचे नियम लिहिले, खेळाडूंची संख्या बांधली, हरणाच्या कातड्याच्या चेंडूच्या जागी रबराचा आणला. पुढे 1880 च्या सुमारास कॅनडातल्या संघटनेने ‘हौशी’ खेळाडूंची अट घातली आणि ज्यांचा खेळ त्यांनाच दाराबाहेर ठेवलं. हौडेनोसौनींचा संघ आज जगातल्या उत्तम संघांपैकी आहे, तरी ऑलिम्पिक समितीने त्यांना स्वतंत्र राष्ट्र म्हणून उतरायला आजवर मान्यता दिलेली नाही. ज्या खेळाचे नियम दीडशे वर्षं हवे तसे बदलले, त्यात दहा वर्षांच्या मुलांसाठी एक फेस-ऑफ बदलताना परंपरेची शपथ घालू नये. परंपरेबद्दल खरंच कळकळ असेल तर ती आधी त्या संघासाठी दाखवा.

मराठी पालकांशी थोडं बोलायचं आहे. आपली मुलं या खेळात उशिरा येतात. शेजारच्या मुलाच्या बापाने आणि आजोबाने लॅक्रॉस खेळलेलं असतं, घरामागे भिंत असते, तिच्यावर तो रोज चेंडू आपटून झेलतो. आपल्या घरात काठी कशी धरायची हे मुलगाच बापाला शिकवतो. म्हणून फेस-ऑफसारख्या नियमाचा फटका आपल्या मुलांना आधी बसतो. तसाच तो शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांना बसतो, पहिल्यांदा काठी हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलाला बसतो. आपल्यातले बरेच जण मोसम संपला की म्हणतात, “याला जमत नाही, पोहायला घालू.” पोहायला जरूर घाला. पण जमत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत, त्याच्या हातात चेंडू होता तरी किती वेळ?

जानेवारी-फेब्रुवारीत लीगच्या नियमांच्या बैठका होतात. त्या उघड्या असतात. शाळेच्या कॅन्टीनमध्ये, आठवड्यातल्या एखाद्या रात्री, दहा-पंधरा डोकी. आपले लोक तिथे दिसत नाहीत. खेळ आपला नाही, आपण काय बोलणार, असं वाटतं. खेळ आपल्या मुलाचा आहे, एवढं पुरे. जा, आणि एकच ठराव मांडा. बारा वर्षांखालच्या गटात फेस-ऑफ सत्राच्या सुरुवातीला एकदाच व्हावा. गोलनंतर चेंडू गोलरक्षकाकडून सुटावा. एका मोसमापुरता करून बघू म्हणा. त्याला खर्च नाही, घड्याळ लागत नाही, जादा पंच लागत नाही. ऑलिम्पिकमध्ये हेच चालणार आहे हे सांगा, म्हणजे विरोध निम्मा होईल. आणि त्या मोसमात कडेला बसलेल्या एका आजीला किंवा आजोबांना कागद-पेन्सिल देऊन किती मुलांच्या झोळीत चेंडू आला ते मोजायला सांगा. जन्मतारखेचा ठराव त्यापुढच्या हिवाळ्यात आणू.